खरवडलेलं नाव

पाहुण्याला जेवायला बोलवावं की त्याच्या गाण्याची वेळ टळेपर्यंत कुठेतरी अडकवून ठेवावं, यावरून बर्रासांच्या घरात सकाळपासून दोन तट पडले होते. जेवायला बोलवावं, असं आईचं, म्हणजे एडिल्साचं म्हणणं. अडकवून ठेवावं, असं मुलाचं, विल्फ्रिदोचं. दॉन उबाल्दो बर्रासांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की आधी जेवू घालू, मग बघू.

त्यांची लेक सुनिल्दा मागच्या अंगणात चुलीवरचं सांकोचोचं कालवण ढवळत खाली मान घालून उभी होती. ग्वांदूचे, म्हणजे तुरीचे, दाणे शिजून मऊ झाले होते, खारवलेलं मांस वर आलं होतं, आता ढवळण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी ती ढवळत होती, कारण ही काडी तिनेच लावली होती.

झालं होतं असं. सुनिल्दाचा नवरा लिव्हिंग्स्टन बेटावरचा. घरात इंग्रजी बोलत वाढलेला, बारांकिया शहराच्या गोदीत कारकून. कार्निव्हलच्या आधी फुटबॉलच्या मैदानावर संगीताचा मोठा जलसा ठरला, आफ्रिकेतून एक वाद्यवृंद यायचा होता, म्हणून आयोजकांनी त्याला दुभाषी नेमलं. विमानतळावरून येताना गाडीत पुढच्या सीटवर बसलेला म्हातारा गायक खिडकीबाहेर बघत सहज गुणगुणायला लागला, आणि लिव्हिंग्स्टन ताठ बसला. ज्या माणसाला चर्चमधल्या भजनांपलीकडे संगीत कळत नाही असं सासऱ्याचं ठाम मत होतं, त्यालाही हे गाणं ओळखता आलं. ते 'नेरेइदा' होतं. त्याने ही गोष्ट रात्री बायकोला सांगितली आणि बायकोने आनंदाच्या भरात सकाळी बापाला. तिला वाटलं होतं, बाबा नाचतील. बाबा खाली बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

"नाव सांगेल तो," ते म्हणाले. "माइकवरून सगळ्या मैदानाला सांगेल. गाणाऱ्यांना दुसरं येतंय काय? आणि महिनाभरात गल्लीगल्लीतल्या पिकोवाल्याकडे माझी 'नेरेइदा' वाजायला लागेल."

त्यांचं चूक नव्हतं. रेबोलोच्या वस्तीत बर्रासांचा मान होता तो 'एल त्रुएनो'मुळे, म्हणजे त्यांच्या पिकोमुळे. भिंतीएवढं लाकडी खोकं, आत माणूस झोपू शकेल एवढाले स्पीकर, आणि दर्शनी बाजूला मुठीत वीज धरलेला राक्षस असा भडक रंगवलेला, की लहान मुलं पहिल्यांदा बघून रडत. पण खोकं कोणीही बांधतो. पिको मोठा होतो तो दुसऱ्या कोणाकडे नाही अशा एका गाण्यावर. ही गाणी खलाशांच्या पेट्यांतून आफ्रिकेतून येत. तबकडी हातात पडली की पहिलं काम एकच. मधला कागद पाण्याने भिजवायचा आणि नाण्याच्या कडेने खरवडून काढायचा, म्हणजे शत्रूचा हेर पाठीशी उभा राहिला तरी त्याला गायकाचं नाव वाचता येऊ नये. मग गाण्याला आपल्या मनाचं नाव द्यायचं. या तबकडीवर पहिल्यांदा नाचली ती धाकटी नेरेइदा, तेव्हा ती फ्रॉकातली पोर होती, म्हणून गाणं 'नेरेइदा'. दहा वर्षं झाली, शहरातली लग्नं त्यावर जुळली आणि काही मोडलीही, पण ते फक्त एल त्रुएनोवरच वाजलं. प्रत्येक कार्निव्हलला कुठल्या वस्तीने कुठला पिको बोलवायचा याची ओढाताण चाले, तेव्हा बर्रासांचं पारडं या एका गाण्यानं जड होई.

आणि कोणी विचारलंच, दॉन उबाल्दो, गातोय कोण हो, तर खोटं नाव सांगायचं. हाही रिवाजच. त्यात कोणाला पाप वाटत नसे, उलट जो जितकं बेमालूम सांगेल तितका तो उस्ताद. दॉन उबाल्दोंनी आजवर निरनिराळी नावं सांगितली होती आणि प्रत्येक वेळी शपथ घेऊन. त्यातल्या एका नावावर विश्वास ठेवून 'एल फराओन' या शत्रू पिकोच्या दागोबेर्तोने परदेशातून पेटीभर तबकड्या मागवल्या. त्यात एका पाद्र्याची प्रवचनं निघाली. ती गोष्ट दॉन उबाल्दो अजून जेवणावर बसले की सांगत, आणि ऐकणारे अजून हसत.

"काडी लावलीस आणि आता ढवळत बसलीयस," विल्फ्रिदो अंगणात येऊन म्हणाला. तो एल त्रुएनोचा माइक सांभाळायचा, गाण्यांच्या मधे लोकांना चिथवायचा. बापानंतर पिको आपलाच, हे त्याने ठरवूनही टाकलं होतं. "तुझ्या त्या बेटावरच्या भजनीबुवांना तोंड बंद ठेवायला काय झालं होतं?"

"त्याने मला सांगितलं. गावाला नाही."

"तू बाबांना सांगितलंस. म्हणजे गावच झालं की."

"मग काय, त्याने आज संध्याकाळी मैदानात गाणं सुरू केल्यावर तुम्हाला कळलेलं बरं होतं?"

विल्फ्रिदोने मांसाचा तुकडा उचलून तोंडात टाकला आणि जीभ भाजून घेतली.

पाहुणा बाराच्या सुमारास आला. सुनिल्दाने मनाशी कोणी धिप्पाड, सोन्याच्या साखळ्या घातलेला माणूस धरला होता. दारातून आला तो साठीचा, हडकुळा, तपकिरी सुटातला गृहस्थ. सूट जुना होता पण इस्त्री अशी कडक, की बघणाऱ्यालाच घाम यावा. डोक्यावर हॅट. लिव्हिंग्स्टनने ओळख करून दिली, "सिल्वेनस ओन्वुका." दॉन उबाल्दोंनी तो उच्चार ऐकताच घाईघाईने खिडकी लावून घेतली.

जेवणाला बसल्यावर पहिलं मैदान एडिल्साने मारलं. पाहुण्याने ताटातल्या याम कंदाचा तुकडा काट्याने उचलला, उलटसुलट बघितला आणि लिव्हिंग्स्टनला काहीतरी म्हणाला.

"तो म्हणतो, हा तर आमच्याकडचा. त्याच्या गावी याचा सण असतो. पहिला याम कापल्याशिवाय नवा कोणी खात नाही."

"बघा!" एडिल्सा म्हणाली. "इतक्या लांबचा माणूस, आणि यामचा मान राखतो. हा आमचा विल्फ्रिदो, जन्मापासून खातोय, कधी नाव काढलंय?" आणि तिने पाहुण्याच्या ताटात आणखी तीन तुकडे वाढले. त्या क्षणी ती कोणत्या बाजूची झाली ते घरातल्या सगळ्यांना कळलं.

नेरेइदा समोर बसली होती, केस खास सोडून. शहरातलं सगळ्यात गाजलेलं गाणं आपल्या नावाचं, ही गोष्ट लहानपणापासून अंगी मुरलेली. चालतानाही ती त्याच तालावर चालते असं शेजारणी म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नसत. तिने भुवया उंचावून लिव्हिंग्स्टनला विचारलं, "भावोजी, विचारा ना त्यांना, गाण्यात काय म्हटलंय? कोणाबद्दल आहे?"

हा प्रश्न दहा वर्षांत कोणाला पडलाच नव्हता असं नाही, पण प्रत्येकाने उत्तर आपापलं ठरवलं होतं.

लिव्हिंग्स्टनने विचारलं. म्हातारा हसला, हाताने छत दाखवलं, बोटांनी पाऊस पडल्यासारखं केलं आणि बराच वेळ बोलला. नवऱ्याशी संसार करून सुनिल्दाला जेवढं इंग्रजी आलं होतं तेवढ्यात तिने घरमालक, छप्पर, बादली आणि भाडं एवढे शब्द पकडले. घरमालका, छप्पर गळतंय, सगळ्या बादल्या भरल्या, आता भाडं कसलं मागतोस. असंच काहीसं ते होतं. तिने तोंडावर रुमाल धरला.

लिव्हिंग्स्टन बाप्टिस्ट होता आणि खोटं बोलत नसे. लग्नाच्या बोलण्यांत सासऱ्याने एल त्रुएनो लावून, कसं वाटलं म्हणून विचारलं, तर त्याने कान दुखतात असं सांगितलं होतं, आणि त्यापायी लग्न वर्षभर लांबलं होतं. त्याने आता बायकोकडे पाहिलं. बायकोने हळूच नकारार्थी मान हलवली.

"तो म्हणतो," लिव्हिंग्स्टन घसा साफ करत म्हणाला, "एका मुलीबद्दल आहे. तिची वाट बघण्याबद्दल. पावसात."

"मला वाटलंच होतं," नेरेइदा म्हणाली.

दॉन उबाल्दोंनी हात पुसले. ते गंभीर झाले की खुर्ची मागे सरकवून बसत, तसे बसले. "जावईबापू, आता नीट सांगा त्यांना. एक शब्द गाळू नका. सांगा, की तुमचा आम्हाला फार आदर आहे. आज संध्याकाळी तुम्ही तुमची सगळी गाणी गा. सगळी. फक्त ते एक नको."

म्हाताऱ्याने ऐकलं. त्याला वाटलं असावं दुभाष्याचं काही चुकलं, कारण त्याने पुन्हा विचारलं. लिव्हिंग्स्टनने पुन्हा सांगितलं. मग तो म्हणाला, की त्याला आधी तबकडी ऐकायची आहे.

विल्फ्रिदोला ते पसंत नव्हतं, पण बापाने खूण केली. एल त्रुएनोची मोठी खोकी सकाळीच मैदानावर गेली होती. घरात एक लहान पेटी होती, लहान म्हणजे कपाटाएवढी. विल्फ्रिदोने कापडात गुंडाळलेली तबकडी काढली, पुसली, सुई टेकवली. गिटारच्या पहिल्या चार सुरांतच शेजारच्या घरातून कोणीतरी "ए नेरेइदा!" म्हणून आरोळी ठोकली. कुंपणापलीकडे मासे साफ करणाऱ्या बायका सुऱ्या ठेवून कंबर हलवायला लागल्या. रस्त्यावरून जाणारा बर्फवाला गाडी सोडून थांबला आणि डोळे मिटून एकटाच नाचू लागला. सगळे मिळून गात होते, शब्द कोणालाच कळत नव्हते, पण एकही चुकत नव्हता. घरमालकाला सगळी गल्ली प्रेमाने आळवत होती.

म्हातारा उठून खिडकीशी गेला आणि त्याने ती उघडली. सुनिल्दा त्याच्या जवळ उभी होती. त्याचे ओठ हलत होते पण गाण्याच्या मागे पडत होते. तो वळून काहीतरी म्हणाला.

"तो विचारतोय," लिव्हिंग्स्टन म्हणाला, "हे एवढं पळतंय का? तो म्हणतो, मी पोरासारखा चिरकतोय."

"तसं आम्ही ठेवलंय!" दॉन उबाल्दो खुलले. आपल्या कारागिरीबद्दल विचारलेलं त्यांना आवडायचं. "यंत्राचा वेग मी स्वतः वाढवलाय. तुमचं मूळ फार सुस्त होतं, राव. तेवढ्या वेळात आमचे लोक झोपतील. शिवाय कोणाला मूळ तबकडी कुठे सापडली, तरी कानाला ओळखू येऊ नये."

म्हाताऱ्याने गाणं संपू दिलं. मग तो यंत्राजवळ गेला आणि फिरायची थांबलेली तबकडी त्याने दोन्ही हातांनी उचलली. मध्ये कागद नव्हता. पांढरट ओरखडे आणि मधलं भोक, बस्स. त्याने अंगठा त्या ओरखड्यांवरून फिरवला. त्याचा प्रश्न इतका छोटा होता, की सुनिल्दालाही कळला. माझं नाव कुठे आहे?

"सांगा त्यांना!" दॉन उबाल्दो जावयाला म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "सांगा, मी माझ्या हाताने खरवडलं. भिकार गाण्याचं नाव इथे कोणी खरवडत नाही. शंभर तबकड्या येतात, त्यातल्या नव्याण्णवांवर नाव तसंच असतं, कारण कोणाला पडलेलीच नसते. तुमचं नाव मी असं पुसलंय, की दहा वर्षं या शहरात कुत्र्यालाही तुम्ही कोण ते माहीत नाही. यापेक्षा मोठा मान आमच्याकडे नाही!"

लिव्हिंग्स्टन ताटातला काटा सरळ करत बसला.

"सांगा की."

त्याने सांगितलं. बहुतेक सगळं सांगितलं असावं, कारण म्हातारा ऐकता ऐकता खुर्चीवर बसला. हॅट मांडीवर घेतली. आणि मग शांतपणे बोलत राहिला. लिव्हिंग्स्टन तुकड्यातुकड्याने, बेटावरच्या अवघडलेल्या स्पॅनिशमध्ये सांगत गेला. तिकडे एके काळी रेडिओवर पहिला नंबर याच गाण्याचा होता, आणि तो कित्येक महिने हटला नाही. बाजारात त्याच्या नावाच्या छत्र्या निघाल्या होत्या. मग नवे लोक आले, नवी वाद्यं आली. आता तो लग्नांत गातो आणि लोक त्याला नव्या लोकांची गाणी म्हणायला सांगतात. नाव सगळ्यांना ठाऊक आहे, गाणं कोणाला नको आहे. "आणि तो म्हणतो, इथे गाणं सगळ्यांना हवंय आणि नाव कोणाला ठाऊक नाही. तो म्हणतो, आज मी ते गाणार. आधी नाव सांगणार आणि मग गाणार. एकदाच. दोन्ही एका ठिकाणी, एका वेळेला."

मग तो उठला, एडिल्साच्या दोन्ही हातांना हात लावून तिने केलेल्या जेवणाबद्दल काही बोलला आणि तालमीला जायचं म्हणून निघाला. लिव्हिंग्स्टन त्याच्यासोबत गेला.

दार लागलं आणि घराला तोंड फुटलं.

"जनरेटर माझ्या हातात आहे," विल्फ्रिदो म्हणाला. "त्याने तोंड उघडलं की मी वायर ओढतो. मैदानात अंधार, बोंबाबोंब, कार्यक्रम बंद."

"माझ्या घरचं जेवलाय तो!" एडिल्सा कडाडली. "जेवू घातलेल्या माणसाची वायर ओढणार?"

"आई, त्याला तुझा एक याम काय आवडला, तू घरच विकायला निघालीस. कार्निव्हल पंधरवड्यावर आलाय. उद्या फराओनकडे हेच गाणं वाजलं तर आपल्याला कोण बोलावणार? त्या राक्षसाचं चित्र बघायला?"

"दादाचं बरोबर आहे," नेरेइदा म्हणाली. "पण मला त्यांचं वाईटही वाटतं. इतकं सुंदर लिहिलंय माझ्याबद्दल..."

सुनिल्दाचा सकाळपासून धरलेला धीर सुटला. "तुझ्याबद्दल? बये, ते घराचं छप्पर गळतंय म्हणून लिहिलंय! घरमालकाला शिव्या आहेत त्यात! बादल्या आहेत, बादल्या!"

नेरेइदाचा चेहरा पडला, मग लाल झाला. "मग तर," ती म्हणाली, "तो अजिबात गाता कामा नये! उद्या त्याने अर्थही सांगितला तर? दादा, ओढ वायर!"

अशा रीतीने विल्फ्रिदो आणि नेरेइदा इकडे, एडिल्सा आणि सुनिल्दा तिकडे झाल्या, आणि सगळ्यांनी दॉन उबाल्दोंकडे पाहिलं. ते खरवडलेली तबकडी कापडात गुंडाळत होते. नीट बसेना म्हणून पुन्हा उलगडत होते.

"जनरेटरला कोणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "बर्रासांनी आजवर जे कमावलं ते सचोटीने कमावलं."

ज्या माणसाने दहा वर्षं सगळ्या शहराला शपथेवर खोटी नावं सांगितली, त्याच्या तोंडून हे ऐकून सुनिल्दाला हसू यायला हवं होतं. पण बापाचा आवाज नेहमीसारखा नव्हता. ती जवळ गेली.

"बाबा, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? गाणारा कुठेतरी असणारच होता." त्यांनी कापडाला गाठ मारली. "मी तसा विचारच कधी केला नव्हता, एवढंच."

ऊन उतरता उतरता मैदान भरलं. एल त्रुएनोला वाद्यवृंदांच्या मधल्या वेळात वाजवायचं काम होतं, त्यामुळे बर्रासांचं सगळं कुटुंब रंगमंचाच्या डाव्या अंगाला, आपल्या राक्षसाखाली उभं होतं. एडिल्साने तिथेच बिअर आणि तळणाचं दुकान मांडलं होतं, तट पडले म्हणून धंदा बुडवायची तिची रीत नव्हती. समोर कुंपणाला टेकून एल फराओनचा दागोबेर्तो आपल्या टोळीसह बसला होता. कान टवकारून बसायला तो प्रत्येक कार्यक्रमाला येई. लोक आतापासूनच एकमेकांवर कार्निव्हलचं मक्याचं पीठ उधळत होते.

सिल्वेनस ओन्वुका रंगमंचावर आला. त्याच तपकिरी सुटात. पहिली दोन गाणी लोकांनी बिअर विकत घेत, ओळखीच्यांना हाका मारत ऐकली. मग तो माइकजवळ येऊन आपलं नाव बोलला आणि पुढे काहीतरी इंग्रजीत. लिव्हिंग्स्टन शेजारी उभा होता, पण त्याने भाषांतर करायच्या आत एका गड्याने शिट्टी मारली, "गा रे आजोबा!" आणि वाद्यवृंद सुरू झाला.

सुनिल्दाने बापाचा दंड धरला. ते चार सूर आले. पण किती हळू आले! मूळ चाल होती ती, भरून आलेल्या आभाळासारखी संथ, आणि म्हाताऱ्याचा आवाज खालून, छातीतून येत होता. सुनिल्दाला पहिल्यांदाच त्या गाण्यात घर दिसलं, गळणारं, आणि त्यात जागत बसलेला माणूस. तिच्या अंगावर काटा आला.

मैदानाच्या अंगावर काही आलं नाही. आधी लोक गोंधळले. मग कोणीतरी म्हणालं, "अरे, ही तर 'नेरेइदा'ची नक्कल!" दुसरा ओरडला, "भिकार नक्कल!" नाचायला उभे राहिलेले पाय अडखळले, आणि नाचताना पाय अडखळले की त्या शहरात माफी नाही. शिट्ट्या सुरू झाल्या. "त्रुएनो लावा! खरं गाणं लावा!" पिठाच्या मुठी रंगमंचाच्या दिशेने यायला लागल्या. एक म्हाताऱ्याच्या खांद्यावर फुटली आणि तपकिरी सूट पांढरा झाला. तो गात राहिला.

विल्फ्रिदो आनंदाने वेडा झाला होता. "वाचलो, बाबा! ऐकलंत का? ओळखलंच नाही कोणी! तो बोंबलून सांगेना का, कोण विश्वास ठेवणार? आता मी आपली लावतो, बघा कसे पेटतात!"

"थांब," दॉन उबाल्दो म्हणाले.

"अहो, लोक मागतायत!"

"थांब म्हटलं ना." त्यांची नजर रंगमंचावरून हलत नव्हती. त्यांना जिंकल्यावर बसल्या जागी छाती फुगवून हसायची सवय होती, सुनिल्दा त्या हसण्याची वाट बघत होती. ते हसले नाहीत. "बघ कसा उभा आहे," ते तिला म्हणाले. "त्याच्या स्वतःच्या गाण्यात त्याला कोणी ओळखेना. इतकं चांगलं खरवडलं मी."

आणि त्यांनी विल्फ्रिदोच्या हातातून माइक घेतला.

सुनिल्दाला कळलं ते काय करणार आहेत. विल्फ्रिदोलाही कळलं, तो माइककडे झेपावला, पण मधे एडिल्सा तळणाचा झारा घेऊन उभी राहिली होती. नेरेइदाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बारांकिया!" एल त्रुएनोमधून दॉन उबाल्दोंचा आवाज गडगडला आणि शिट्ट्या थांबल्या. त्या आवाजाला सगळं शहर ओळखत होतं. "ऐका. 'नेरेइदा' माझी नाही. माझी कधीच नव्हती. ती या माणसाची आहे. हा तिथे उभा आहे तोच तो. याचं नाव सिल्वेनस ओन्वुका!"

म्हाताऱ्याने गाणं थांबवून या बाजूला पाहिलं. सुनिल्दाच्या मनात आलं, गेलं सगळं, आणि तरीही तिला बापाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

मग कुंपणाशी दागोबेर्तो उठून उभा राहिला आणि पोट धरून हसायला लागला. "वा उस्ताद!" तो ओरडला. "आजवर नुसती नावं सांगायचा, या वेळी माणूसच घेऊन आला! मला पुन्हा प्रवचनं मागवायला लावतोयस होय रे?"

हशाचा लोंढा मैदानभर पसरला. लोक टाळ्या वाजवत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. काय तो दॉन उबाल्दो! गाणं राखायचं म्हणून कुठून कुठून म्हातारा पकडून आणला, सूटही घातला त्याला!

"खरं सांगतोय!" दॉन उबाल्दो ओरडले. "माझ्या आईची शपथ!"

शपथ ऐकून तर लोक खाली बसून हसले. प्रत्येक नावाबरोबर तीच शपथ असायची.

"सिल्वेनस ओन्वुका!" त्यांनी पुन्हा सांगितलं, अक्षर अन् अक्षर सुटं करून. पीठ हवेत उडालं, हॅटा उडाल्या. पलीकडच्या बाजूचे लोक गंमत म्हणून ते नाव घेऊन ओरडायला लागले, सिल-वे-नस, ओन्-वु-का, टाळ्यांच्या ठेक्यावर.

रंगमंचावरच्या म्हाताऱ्याला स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता. त्या सगळ्या गदारोळात त्याला दोनच शब्द कळले, आणि ते हजारो माणसांच्या तोंडी होते. त्याने हॅट काढली. खांद्यावरचं पीठ झटकलंसुद्धा नाही. तो वाकला.

लिव्हिंग्स्टन रंगमंचाच्या कडेला येऊन खाली झुकला. त्याचा चेहरा ओढलेला होता. "तो विचारतोय, तुझ्या बाबांनी काय सांगितलं आणि लोक काय म्हणतायत. सुनिल्दा, मी काय सांगू?"

"बाबांनी काय म्हटलं ते सांग," ती म्हणाली. "लोकांचं राहू दे."

मागे दॉन उबाल्दोंनी तिसऱ्यांदा नाव घेतलं. या वेळी त्यांचा आवाज चिरकला, आणि हशा आजवरचा सगळ्यात मोठा झाला. सिल्वेनस ओन्वुकाने हॅट छातीशी धरली, जिकडून सर्वांत मोठा आवाज येत होता त्या कुंपणाकडे, दागोबेर्तोच्या टोळीकडे तो वळला, आणि पुन्हा एकदा, सावकाश, कमरेतून वाकला.